पहिला कॅमेरा आणि त्याची लेन्स

छायाचित्रणासारख्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काही जणांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी या शास्त्राचा पदवीधर नव्हे. खरे तर कोणत्याच शास्त्राचा नव्हे. जे काही कळले ते पुस्तके वाचून, दुरुस्तीच्या दुकानांत तासन् तास बसून आणि संघटनेच्या कामासाठी कॅमेरा हाताळून कळले. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या कचेरीत येणाऱ्या सभासदांचे प्रश्न पालटले आहेत. पूर्वी बाप मुलाला घेऊन येई, तो कंपनीत चिकटवता येईल का हे विचारायला. आता तो विचारतो, "भाऊ, पोरगं कॅमेरा मागतंय. लग्नाची कामं मिळतील म्हणतं. हप्त्यावर घेऊ का?" कायमची नोकरी दुर्मीळ झाली, कंत्राटाचा भरवसा उरला नाही, तेव्हा पोराने स्वतःचे हत्यार हाती घेऊन पोट भरावे हा विचार मुळीच वावगा नाही. सुतार रंधा घेतो, गवंडी थापी घेतो, तसा हा कॅमेरा घेतो. पण रंध्यासाठी कोणी कर्ज काढीत नाही. कॅमेऱ्याला बापाचे दोन-तीन पगार लागतात. इतका पैसा ज्या वस्तूत घालायचा ती वस्तू काम कशी करते, हे घेणाऱ्याला कळले पाहिजे.

आरंभीच एक सांगून टाकतो. ज्याचे काम हातातल्या मोबाईलवर भागते त्याने कॅमेरा घेऊ नये. घरातला वाढदिवस, सहलीची आठवण, दुपारच्या उन्हातला मोर्चा, एवढ्यासाठी मोबाईल पुरतो. कॅमेरा लागतो तो प्रकाश मंद असताना हलणारा माणूस टिपायचा असेल तेव्हा. माणूस दूर आहे आणि जवळ जाता येत नाही तेव्हा. मोठा छापील अल्बम करायचा असेल तेव्हा. आणि मुख्य म्हणजे, छायाचित्रासाठी दुसरा कोणी पैसे मोजणार असेल तेव्हा. यांतले एकही कारण लागू नसेल, तर पैसे बँकेतच बरे.

आता ज्या कॅमेऱ्याला एसएलआर म्हणतात तो आहे तरी काय, ते पाहू. सिंगल लेन्स रिफ्लेक्स असे त्याचे पूर्ण नाव. लेन्समधून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो, लोलकातून फिरतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडतो, आणि तोच प्रकाश आता मागच्या पृष्ठभागावर पडतो. आपण जो 'खट' आवाज ऐकतो तो या आरशाचा आणि पडद्याचा. जे लेन्सला दिसते तेच डोळ्याला दिसते, हा या रचनेचा सगळा मोठेपणा. जर्मनीतल्या ड्रेसडेन येथे १९३६ साली 'कीने एक्झाक्टा' हा ३५ मिलिमीटर फिल्मचा असा कॅमेरा निघाला. जपानच्या निकॉनने १९५९ साली 'निकॉन एफ' काढला आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलून धरला. पुढे फिल्मच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला. कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. १९९१ साली कोडॅकनेच निकॉनच्या एसएलआरला सेन्सर जोडून विकायला काढला. त्याच्या चित्रात १३ लाख ठिपके होते. १९९९ साली निकॉनचा डी १ आला. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने खरे वर्ष २००३. त्या वर्षी कॅननचा ईओएस ३०० डी निघाला आणि डिजिटल एसएलआरची किंमत अमेरिकेत प्रथमच हजार डॉलरच्या खाली आली.

येथे एखादा जाणता तरुण मला अडवील. तो म्हणेल, "काका, आरशाचा कॅमेरा आता कोण घेतो? मिररलेस आले!" त्याचे म्हणणे खरे आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची नवी मालिका सुरू केली आणि २०२० सालानंतर आरशाचा नवा नमुना बाजारात आणलेला नाही. नवे कॅमेरे माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरतात, आवाज न करता चालतात, चित्र कसे येणार ते आधीच दाखवतात. ज्याच्या हाती पुरेसा पैसा आहे त्याने खुशाल तेच घ्यावेत. पण मी ज्यांच्यासाठी बोलतो आहे त्यांच्या हाती तो नाही. आणि ज्यांच्या हाती आहे ते आपले चांगले चालते एसएलआर विकून नव्याकडे वळत आहेत. त्यामुळे मुंबईच्या बोरा बाजारापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत जुने एसएलआर आणि त्यांच्या लेन्स मुबलक आहेत. एकाची हौस बदलली की दुसऱ्याची सोय होते. शिवाय आज घेतलेली लेन्स उद्या फुकट जात नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स मधला जोड, म्हणजे ॲडॅप्टर, लावून नव्या आर कॅमेऱ्यांवर नीट चालतात. निकॉनमध्ये मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स तशाच चालतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ऐकू येतो तो, "किती मेगापिक्सेलचा आहे?" हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. पहिला प्रश्न असा की, मी काम कोणत्या उजेडात करणार? कारण कॅमेऱ्याचा कच्चा माल म्हणजे प्रकाश. तो पुरेसा मिळाला नाही तर मागचे यंत्र कितीही भारी असून काही उपयोग नाही.

प्रकाश मोजण्याच्या तीन चाव्या आहेत. नगरपालिकेच्या नळाचे उदाहरण घ्या. बादली भरायची तर तोटी मोठी पाहिजे, नाहीतर नळ जास्त वेळ चालू पाहिजे. लेन्समधले छिद्र ही तोटी. त्याला अपर्चर म्हणतात. शटर किती वेळ उघडे राहिले तो झाला वेळ. तिसरी चावी आयएसओ, तिला मात्र नळाचे उदाहरण लागू पडत नाही. ती आमच्या सभेतल्या ध्वनिक्षेपकासारखी आहे. वक्त्याचा आवाज बारीक असला तर आपण ध्वनिक्षेपक वाढवतो. आवाज मोठा होतो, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. आयएसओ वाढवला की चित्र उजळते आणि त्यात दाणे दिसू लागतात. १६०० पर्यंत आजकालचे कॅमेरे चांगले निभावतात. त्यापुढे प्रत्येकाची कुवत वेगळी.

छिद्राचा आकडा उलटा असतो, आणि येथेच नवखा माणूस फसतो. एफ ५.६ हे लहान छिद्र, एफ १.८ हे मोठे. लेन्सच्या लांबीला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो, म्हणून छिद्र जितके मोठे तितका आकडा लहान. आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५.६ ला १.८ ने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, उत्तर ९.७ च्या आसपास येते. म्हणजे एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. हा कागदावरचा हिशेब मंगल कार्यालयात काय करतो ते पाहा. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची लेन्स मिळते तिचे छिद्र ५५ वर एफ ५.६ पेक्षा मोठे होत नाही. संध्याकाळच्या हळदीला, पिवळ्या दिव्यांत, आयएसओ १६०० ठेवून तिला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो असे धरा. तेवढ्या वेळात हळद लावणारा हात चार बोटे सरकतो आणि चित्रात हाताच्या जागी पिवळा फराटा उमटतो. त्याच जागी एफ १.८ ची लेन्स लावली तर सेकंदाच्या सुमारे एकशेचाळिसाव्या भागात काम होते. हात जागच्या जागी थांबतो. कॅमेरा तोच, खोली तीच, माणूस तोच.

विक्रेता म्हणेल, "या लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, हात हलला तरी फोटो हलत नाही." ते खरे आहे, पण अर्धे. निकॉनचे व्हीआर आणि कॅननचे आयएस हे फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप सावरतात. समोरच्या नवरीने मान वळवली तर ती कशी थांबवणार? देवळाचा गाभारा किंवा रिकामे सभागृह टिपताना त्यांचा उपयोग, नाचणाऱ्या पोरांवर नाही.

आमच्या एका सभासदाच्या मुलाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. एका दुकानात त्याला 'संपूर्ण संच' म्हणून कॅमेरा दिला. सोबत १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स, पुढे फिरवून बसवायची एक 'वाइड' काच, डुगडुगणारी तिवई, पिशवी. सगळे अठरा हप्त्यांवर. पोराला वाटले, दोन लेन्स मिळाल्या. खरे तर दोन्ही लेन्स मंद छिद्राच्या, म्हणजे दिवसाउजेडी काम करणाऱ्या. आणि त्याची कामे सगळी संध्याकाळची. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या हाताखाली पहिल्या कामाला गेला, तेव्हा निम्मी चित्रे फराट्यांची निघाली आणि मजुरी निम्मी मिळाली. शेवटी त्याने ७०-३०० विकली, आलेल्या पैशांत थोडी भर घालून ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची जुनी लेन्स घेतली, आणि मग त्याचे गाडे रुळावर आले. हप्ते मात्र अठराच्या अठरा भरावे लागले.

हप्त्यांवरून एक गोष्ट आठवली ती येथेच सांगतो. हप्ता दर महिन्याला असतो, लग्न दर महिन्याला नसते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त सहसा धरीत नाहीत. म्हणजे चार महिने मिळकत नाही आणि हप्ता चालू. कर्ज काढायचेच असेल तर ते अशा बेताने काढावे की मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतच्या कमाईत वर्षाचे हप्ते निघतील. जे मुलगे गणपती, नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलने, बारशी यांची कामे धरतात ते तगतात.

लेन्स किती मिलिमीटरची घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर खोलीच्या लांबीवर आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. स्वस्त एसएलआरमधला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. निकॉनचा लहान सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. त्यामुळे ५० ची लेन्स त्यावर ७५ ते ८० सारखी वागते, म्हणजे दृश्य जवळ ओढते. पुस्तकांतून '५० घ्या, ५० घ्या' असा जो उपदेश असतो तो फिल्मच्या काळातला आहे. दहा फुटांच्या खोलीत बारसे आहे असे समजा. भिंतीला पाठ लावून तुम्ही उभे, समोरचे लोक आठ फुटांवर. ५० च्या लेन्सला तेथे पावणेचार फूट रुंदीचे दृश्य दिसेल. दोन माणसे कशीबशी मावतील. ३५ च्या लेन्सला पाच फुटांहून जास्त दिसेल, पाळणा आणि दोन्ही बाजूंच्या आत्या येतील. १८ वर दहा फूट. चाळीतल्या आणि वन-रूम किचनच्या घरांत कामे करायची असतील तर ३५ घ्या. माणसाचा चेहरा, नवरानवरीची एकेकटी चित्रे हे मुख्य काम असेल तर ५०. कॅननमध्ये ५० ची एफ १.८ लेन्स फार स्वस्त मिळते. तिचा २०१५ सालचा नमुना, ज्यावर एसटीएम असे लिहिलेले असते, तो पाहून घ्यावा. निकॉनच्या लहान सेन्सरसाठी ३५ ची एफ १.८ लेन्स २००९ सालापासून आहे.

मोठ्या छिद्राला किंमत मोजावी लागते, तीही सांगितली पाहिजे. एफ १.८ वर फोकसची पट्टी फार पातळ होते. जवळून चेहरा घेतला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट असे होते. पंचवीस जणांच्या कुटुंबाचे तीन रांगांतले छायाचित्र १.८ वर काढाल तर मागच्या रांगेतल्या आजोबांचा चेहरा लोण्यासारखा होईल, आणि आजोबांना अल्बममध्ये फक्त स्वतःचाच चेहरा पाहायचा असतो. तेथे छिद्र ५.६ किंवा ८ पर्यंत लहान करा आणि फ्लॅश वापरा. म्हणून बरोबर मिळालेली १८-५५ फेकू नका. दिवसा, घोळक्यात, लहान खोलीत तीच कामाला येते. सुरुवातीला या दोन पुरतात. १८ ते ३०० असे सगळे एकाच नळीत असलेली लेन्स सोयीची असते, पण तिचेही छिद्र लहानच. व्यावसायिक लोक वापरतात ती ७०-२०० एफ २.८ ची लेन्स उत्तम खरी. ती दीड किलोच्या आसपास वजनाची आणि अनेकदा कॅमेऱ्याहून महाग असते. शहरांत ती दिवसाच्या भाड्याने मिळते. जे हत्यार वर्षातून दहा दिवस लागते ते विकत का घ्यावे?

कॅमेऱ्याच्या धडाबद्दल, ज्याला सगळे बॉडी म्हणतात, मी थोडक्यात सांगणार आहे, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. मेगापिक्सेलचा हिशेब असा. ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दराने छापायचे तर ३,५०८ बाय २,४८०, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके पुरतात. अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान छापायला एक कोटी ९४ लाख लागतात. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. झाले की काम! आकडा दुप्पट केला तरी चित्राची रुंदी दुप्पट होत नाही, ४१ टक्क्यांनीच वाढते. आणि फाइल दुप्पट जड होऊन संगणक मात्र रडू लागतो.

आकड्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या जाहिरातीत ठळक छापत नाहीत. पहिली निकॉनबद्दल. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या, म्हणजे डी ३५००, डी ५६०० अशा कॅमेऱ्यांच्या आत फोकस फिरवणारी मोटर नाही. त्यांवर जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. 'निकॉनची लेन्स निकॉनला चालते' असे म्हणून ती गळ्यात मारली जाते. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरे आहेत का ते पाहा. एएफ-पी असेल तर ती दुकानातच आपल्या बॉडीवर लावून पाहा, कारण काही जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकस चालत नाही. कॅननमध्ये ही अडचण नाही. तेथे ईएफ लेन्स लहान-मोठ्या सर्व ईओएस एसएलआरवर चालतात, ईएफ-एस मात्र फक्त लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर.

दुसरी गोष्ट कार्डाच्या खाचेची. निकॉनच्या २०१५ सालच्या डी ७२०० मध्ये दोन कार्डे एकाच वेळी बसतात आणि प्रत्येक चित्र दोन्हींवर उतरवता येते. कॅननच्या ८० डी मध्ये एकच खाच आहे. स्वतःच्या हौसेसाठी काढणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चित्रे ज्या कार्डावर आहेत ते कार्ड बिघडले तर सप्तपदी पुन्हा घालता येत नाही. ज्याला यातून पोट भरायचे आहे त्याने दोन खाचांचाच कॅमेरा शोधावा, तो थोडा जुना असला तरी चालेल. तो मिळाला नाही तर निदान एकाच मोठ्या कार्डाऐवजी लहान लहान चार कार्डे वापरावीत.

जुना कॅमेरा घ्यायला जाताना मालकाशी वाटाघाटीला जातो तसे जावे. मागण्यांचा कागद आधी लिहून काढावा, समोरच्याच्या गोड बोलण्याने तो बदलू नये, आणि उठून येण्याची तयारी ठेवावी. शटर आजवर किती वेळा पडले, हा पहिला प्रश्न. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये लपलेला असतो; एक चित्र काढून संगणकावर वाचता येतो. कॅननच्या पुष्कळ नमुन्यांत तो फाइलमध्ये सापडत नाही, वेगळा प्रोग्रॅम लागतो किंवा दुरुस्तीवाल्याला विचारावे लागते. डी ७२०० चे शटर दीड लाख वेळा पडण्याच्या हिशेबाने तपासलेले आहे. एका लग्नात दोन हजार चित्रे काढणाऱ्याने ७५ लग्ने केली की दीड लाख झाले. त्या दिवशी शटर मोडतेच असे नाही, आणि मोडले तर बदलता येते. पण एक लाख वीस हजारांवर असलेला कॅमेरा वीस हजारांवरच्या भावाने कोणी विकत असेल, तर आपण उठावे.

लेन्स मागून-पुढून उघडी करून बॅटरीच्या झोतात तिरपी धरून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी होय. कडेला चारदोन धूलिकण असले तर हरकत नाही. सगळ्यांच्या लेन्समध्ये असतात. बुरशी मात्र वाढते, आणि भिंगावरचा लेप खाते. मग वर्तमानपत्र टेबलावर तिरपे ठेवून, छिद्र पूर्ण उघडे करून, मधल्या एका ओळीवर फोकस धरून चित्र काढावे. ती ओळ सोडून पुढची किंवा मागचीच ओळ दर वेळी स्पष्ट येत असेल तर फोकस चुकतो आहे. नंतर छिद्र एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे. काळे ठिपके दिसतील ते सेन्सरवरच्या धुळीचे. ती साफ होते, तेव्हा त्यासाठी कॅमेरा नाकारू नये, भाव उतरवावा. पावती मागावी आणि तिच्यावर कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला क्रमांक लिहून घ्यावा. चोरीचा माल या धंद्यात फिरतो.

पैशांची वाटणी कशी करावी? हाती पन्नास हजार आहेत असे धरा. निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नयेत. उरलेल्यांत एफ १.८ ची एक लेन्स, एक फ्लॅश, जास्तीची बॅटरी, कार्डे आणि पिशवी एवढे आले पाहिजे. बॉडीचा भाव वर्षागणिक घसरतो. चांगली लेन्स दहा वर्षे चालते आणि विकायला काढली तर निम्मे तरी पैसे बहुधा परत देते.

संघटनेच्या कामाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण कॅमेरा फक्त लग्नात लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम यंत्राच्या फिरत्या भागाला कुंपण घालण्याबद्दल होते. कायदे पुढे बदलले, पण पट्ट्यात सापडणारी बोटे बदललेली नाहीत. शेडमधल्या अंधारात असे उघडे यंत्र टिपायचे तर तेथेही मोठ्या छिद्राची लेन्सच लागते. असे चित्र काढण्यापूर्वी कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे, 'रॉ' नावाची मूळ फाइल जपून ठेवावी, आणि तिच्यावर कसलीही रंगसफेदी करू नये. अमेरिकेत लुईस हाइन यांनी १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या-खाणींतल्या मुलांची छायाचित्रे काढली, ती अवजड पेटीच्या कॅमेऱ्याने, काचेच्या तबकड्यांवर आणि भडकणाऱ्या पुडीच्या उजेडात. मुलाची उंची ते आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजीत आणि खिशातल्या वहीत लपून टिपून घेत. आज त्यांची चित्रे पुरावा म्हणून उभी आहेत ती त्या वहीतल्या नोंदींच्या जोरावर. ठिकाण, दिवस, वेळ, यंत्राचा क्रमांक हे त्याच दिवशी वहीत लिहावे. हे काम कोणताही कॅमेरा आपोआप करीत नाही.

राहता राहिला पावसाळा. आपल्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू हाच. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की कपाटात बंद ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात बुरशी धरते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ती कधीही ठेवू नये. कापड ओल धरून ठेवते. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका, आत ओलावा दाखवणारे लहानसे घड्याळ ठेवा आणि काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील असे पाहा. काटा चढू लागला की पुड्या मंद आचेवर तव्यात तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांच्या पुड्या मात्र घेऊ नका, त्या रंगात कोबाल्ट असते. थंड खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना कॅमेरा पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते. आणि पाऊस असो वा नसो, आठवड्यातून एकदा लेन्स काढून उजेडात धरावी, छिद्र उघडमीट करावे आणि दहा-वीस चित्रे काढावीत.